डी चालेना, सबब जोडाक्षरे बंद

लॅपटॉपची कुठलीही की बिघडावी, पण इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने मराठी टाईप करणाऱ्याची डी बिघडू नये. क्यू गेली असती तर मला बरेच दिवस पत्ताही लागला नसता, तिच्यावर औकाराची मात्रा आहे, कौतुक नि चौकशी सोडली तर आपला तिच्याशी संबंध कितीसा येतो. पण डी म्हणजे हलंत, अक्षराचा पाय मोडायची की. आणि शिफ्ट धरून तीच दाबली की अ. म्हणजे एका कीबरोबर सगळी जोडाक्षरं गेली आणि वर बाराखडीचं दारच बंद.

हे कळलं ते सोसायटीच्या नोटिशीमुळे. सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात कसं पडलं ती वेगळी कहाणी (एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, सगळे मान खाली घालून मोबाईल बघत असतात, ज्याची मान वर तो सेक्रेटरी), पण त्यामुळे टाकी धुणे, पार्किंग, थकबाकी वगैरे नोटिसा माझ्याकडे. मी न बघता टाईप करतो, हिशेबाच्या वहीत बघत भराभर बडवत होतो आणि मान वर केली तर स्क्रीनवर हे: "सरव सभासदांना कळविणयात येते की शनिवारी पाणयाची टाकी सवचछ करणयात येणार सलयाने". ते शेवटचं "सलयाने" बघून जरा वेळ मलाच कळेना की काय लिहायचं होतं. असल्याने! अ पण गेला आणि ल चा पाय पण.

आता इनस्क्रिप्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा सरकारी लेआउट आहे, १९८६ च्या सुमाराचा, इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवलेला आणि नंतर १९९१ च्या मानकात बसलेला. डोकं लावून केलाय हे मात्र मानावं लागेल. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला, क च्याच कीवर शिफ्ट धरून ख, ग वर घ, त वर थ. आणि हलंत कुठे, तर डाव्या हाताचं मधलं बोट जिथे आपसूक टेकतं तिथे, कारण ते सारखं लागणार. झिजतंही मग तेच. जुन्या टाईपरायटरवर अर्ध्या अक्षरांना स्वतःच्या कळा असायच्या आणि काना दिला की अक्षर पुरं व्हायचं, तिथे काना बिघडला तर बोंब. इथे हलंत.

की बिघडल्यावर पहिला प्रश्न, दुखणं सॉफ्टवेअरचं की हार्डवेअरचं. लोक थेट की उपटायला घेतात, ते करू नये. मी भाषा बदलून इंग्रजीत डी दाबून बघितली, तीही उमटेना, म्हणजे मराठी लेआउट निर्दोष. मग विंडोजमधलं ते फिल्टर कीज, उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ते चालू करू का असं विचारतं, आणि घाईत हो म्हटलं की झटपट दाबलेली अक्षरं ते खुशाल गाळतं. पण त्यात सगळाच कीबोर्ड मंदावतो, एकटी डी नाही. शेवटी मुलाच्या जुन्या पीसीचा यूएसबी कीबोर्ड माळ्यावरून काढून जोडला आणि त्यावर डी फटकन आली. संपलं, विंडोजची सुटका. एवढी एक टेस्ट केली तरी विंडोज फॉरमॅट मारून देतो म्हणणाऱ्या शेजाऱ्यापासून माणूस वाचतो.

मग हार्डवेअरमध्ये नक्की कुठे? कीबोर्डच्या पोटात प्रत्येक कीला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि की दाबली की एक आडवी नि एक उभी ओळ एकमेकींना टेकते. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच फ्लॅटची लाईट गेली तर त्याच्या घरातला फ्यूज बघायचा आणि अख्खी लाईन गेली तर खाली मीटररूमला पळायचं, तसंच हे. डीबरोबर आजूबाजूच्या आणखी तीन-चार कीज मेल्या असत्या तर आतली रिबन केबल निघाली किंवा जाळीतली रेघ तुटली समजायचं. माझी एकटीच गेली होती, म्हणजे घोटाळा तिच्या खालीच.

(एक महत्त्वाचं मध्येच सांगून ठेवतो. कीज मधूनच वर आल्यासारख्या वाटत असतील, टचपॅड घट्ट झालं असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर तो कीबोर्डचा नाही, बॅटरी फुगल्याचा प्रकार असू शकतो. तिथे अशी खुडबुड करत बसायचं नाही, बंद करायचा आणि दुकानात न्यायचा.)

लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने डीचं टोपण एका कोपऱ्यातून हळू उचललं. खाली कात्रीसारखी, पांढऱ्या प्लॅस्टिकची नाजूक चौकट, मध्ये रबराची इवलीशी टोपी, आणि चौकटीच्या कडेला एक मोहरी. चिवड्यातली असणार, काळीकुळकुळीत, तेलाने चकाकणारी. घरात एकदम आनंदीआनंद, सापडली सापडली, पण मोहरी काढली तरी डी ढिम्म. पेन्सिलीच्या मागच्या रबराने थेट त्या टोपीवर दाबायचं असतं, त्याने अक्षर उमटलं तर दोष टोपणाचा नाहीतर चौकटीचा, नाही उमटलं तर खालच्या पडद्याचा. नाही उमटलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून कडेकडेने फिरवलं, वाळू दिलं, तर संध्याकाळपुरती डी आली, जोरात दाबली तर. दुसऱ्या दिवशी परत मौनव्रत. त्या पडद्यावर वीज वाहणाऱ्या बारीक रेघा छापलेल्या असतात, त्यात कधीतरी ओल गेली की त्या आतून खात जातात, मग वरून कितीही पुसा.

पुण्यात तपकीर गल्लीजवळ एक रिपेअरवाला आहे, त्याने डी दोनदा दाबली आणि मान हलवली. "काका, सिंगल की काय मिळत नाय. फुल बोर्ड जाईल." मग लॅपटॉप उलटा करून दाखवलं, पूर्वीचे कीबोर्ड चार स्क्रू काढले की सुटायचे, आता आतून प्लॅस्टिकचे रिवेट वितळवून वरच्या बॉडीला चिकटवलेले असतात, म्हणजे मदरबोर्ड, बॅटरी, पंखा सगळं बाहेर काढून मगच त्याच्यापर्यंत पोचायचं. एका अक्षरासाठी! माझ्या मते ही शुद्ध लबाडी आहे, पातळ दिसावा म्हणून सगळं चिकटवायचं आणि दुरुस्ती गिऱ्हाईकाच्या गळ्यात. ॲपलसारख्या ॲपलने २०१५ पासून जो अतिपातळ बटरफ्लाय कीबोर्ड बसवला तो धुळीच्या कणाने अडायला लागला, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीला परत जुन्या कात्रीवर यावं लागलं. तेव्हा आपला साधा लॅपटॉप कोण लागून गेला. विचार करतो म्हणालो आणि घरी आलो.

मधल्या काळात डीशिवाय मराठी लिहायचा जो प्रयोग झाला तो मात्र झकास. ग्रुपवर टाकायला मी लिहिलं, "आज टाकी धुणार, पाणी भरून ठेवा." एकही जोडाक्षर नाही, एकही अ नाही, आणि सगळ्यांना कळलं. चेअरमनना ते पसंत नाही, नोटीस नोटिशीसारखी वाटत नाही म्हणे, त्यांना उपरोक्त आणि सभासदांनी नोंद घ्यावी वगैरे पाहिजे, आणि उपरोक्त तर डीशिवाय उपरोकत होतं. पण खरी पंचाईत माणसांची. "तू" लिहिता येतो, "आपण" लिहिता येतं, "तुम्ही" येत नाही! एकतर तिसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णी काकूंना अरेतुरे करा नाहीतर दरबारात उभं राहिल्यासारखं "आपण मेंटेननस भरावा". "मी" आहे, "आम्ही" नाही. "नाही" आहे आणि "हो" आहे, पण "म्हणजे" नाही, आणि म्हणजे शिवाय मराठी माणसाने एखादी गोष्ट समजावून सांगायची कशी?

पुतण्या म्हणाला, "काका, बोलून टाका ना फोनवर, टाईप कोण करतं आता." बोलून बघितलं. पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, खाली भंगारवाला आणि मी दिवाणखान्यात उभा राहून मोठ्याने "सर्व थकबाकीदारांना", ते काही जमेना.

मग सापडली ती युक्ती, आणि ही मी कुठे वाचलेली नाही, बोटांनाच सापडली. विंडोजच्या मराठी लेआउटमध्ये वरच्या आकड्यांच्या ओळीतही जोडाक्षरं ठेवलेली आहेत. शिफ्ट धरून ५ दाबला की ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र, ४ ला रफार. आणि ३ ला अक्षराच्या पोटात जाणारा तो तिरका र, प्र मधला. म्हणजे सर्व, प्रति, श्री, क्षमा हे सगळे तिथल्या तिथे परत आले. पण खरी गंमत ३ मध्ये आहे. तो र म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दोन गोष्टी, आधी हलंत, मग र. बॅकस्पेस एकदा मारला की मागचा र तेवढा पुसतो, हलंत जागेवर राहतो! स, शिफ्ट ३, बॅकस्पेस, व, झाला स्व. "तुम्ही" परत आले. टाकीची पूर्ण नोटीस मी तशी टाईप केली, बोटांची जरा वळकटी होते पण चेअरमन खूश. अ ला मात्र असली पळवाट नाही, आ मधून काना पुसता येत नाही, आ हा अख्खाच एक. जुन्या फाईलमधला एक अ कॉपी करून ठेवायचा आणि लागेल तिथे पेस्ट, असं चाललं.

कायमचा उपाय शेवटी पुतण्यानेच केला. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एका कीचं काम दुसरीला देता येतं. डीचं काम कॅप्स लॉकला दिलं. देवनागरीत कॅपिटल नसतंच, ती की वर्षानुवर्षं नुसती बसून होती, चुकून लागायची तेवढीच. आता तिथे हलंत, शिफ्टसकट अ, आणि करंगळीला आठवड्याभरात सवय झाली. अडचण एकच, पासवर्डच्या पडद्यावर पॉवरटॉईज चालत नाही आणि माझ्या पासवर्डात डी आहे. तिथे कोपऱ्यातल्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने डी टोचावी लागते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या सेटिंग्जमध्ये, बदल केला तर तिथेही चालेल म्हणतात, पण रजिस्ट्रीत हात घालायला मी पुतण्याला परवानगी दिलेली नाही.

बायको परवा त्याच लॅपटॉपवर कुठलातरी फॉर्म भरायला बसली. पॅन नंबर कॅपिटलमध्ये लागतो म्हणून तिने रीतसर कॅप्स लॉक दाबलं.

"अहो, हा आधीच डी का टाकतोय?"

मी जाळी, पडदा, इनस्क्रिप्ट, सगळं सांगायला सुरुवात केली. तिने हात करून थांबवलं आणि तो यूएसबी कीबोर्ड परत माळ्यावर ठेवला नाहीत ना एवढंच विचारलं. ठेवला नव्हता. आता तो टेबलावरच असतो, ती आली की जोडते, उठताना काढून ठेवते.