आधी टायर, मग लिफ्ट

आजचा अख्खा दिवस गाडीखाली गेला. हातात टेप, शेजारी वही. दोन इंचांची लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणं) आणि मोठे टायर, दोन्ही एकदम करायचं मनात होतं, पण बजेट एकाचंच आहे.

मोजताना एक गोष्ट पक्की कळली. लिफ्टमुळे बॉडी आणि चासी (खालचा सांगाडा) वर जाते, पण मागचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, चाकं जोडणाऱ्या अॅक्सलवरच असतो, त्यामुळे तो आहे तिथेच राहतो. आणि माझ्या गाडीला दगड दरवेळी तिथेच घासतो! तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. सध्याचा २३५/७० आर १६ मापाचा टायर सुमारे ७३५ मिमी व्यासाचा आहे, २४५/७५ आर १६ सुमारे ७७४ मिमीचा. फरकाच्या निम्मे, म्हणजे जेमतेम १९ मिमी पदरात पडतात. ऐकायला कमी वाटतात, पण मला नेमके तेवढेच कमी पडत होते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलं, चाक वर दाबलं जाईल तेव्हाचाही अंदाज घेतला. मोठा टायर लिफ्टशिवाय बसेल असं वाटतंय. स्पीडोमीटर मात्र पाच टक्के कमी दाखवेल. काटा ६० वर असताना खरा वेग ६३ असेल.

टायर पाच घ्यायचे, चार नाही. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून फोर-व्हीलमध्ये (चारही चाकांना ताकद देऊन) चालवणं मला अजिबात पटत नाही.

लिफ्टसाठी स्वस्तातले नुसते स्पेसर (सस्पेन्शनमध्ये बसवायचे ठोकळे) टाकायचा मोह आज सोडला. लिफ्ट करेन तेव्हा योग्य लांबीचे शॉक अॅब्झॉर्बर, ब्रेक होजची (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्यांची) तपासणी आणि अलाइनमेंट, सगळं एकत्रच. तोवर पैसे साठवतोय.