दुसऱ्याच्या नावाची डिस्क

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जुनं क्रीडासाहित्य विकणाऱ्या दुकानांत डिस्क गोल्फच्या वापरलेल्या डिस्कचं एक खोकं हमखास असतं. त्यातली डिस्क उचलली की लोक आधी ती उलटी करून बघतात. वरचा रंग, वरचं चित्र नंतर. पोटाच्या बाजूला काळ्या मार्करने कुणाचं तरी नाव आणि फोन नंबर लिहिलेला असतो. कधी एकाखाली एक दोन-तीन नावं, आधीची काट मारलेली. तीच डिस्क बिनशाईची मिळाली तर तिचा भाव थोडा चढा असतो. ही शाई नीट कशी काढायची, हा आजचा विषय.

भारतात हा खेळ फारसा कुणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. झाडाझुडपांतून, चढउतारांवरून डिस्क फेकत न्यायची आणि लोखंडी खांबावरच्या साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. अनेक मैदानांवर अशा १८ टोपल्या असतात, आणि ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. डिस्क आपल्या फ्रिस्बीहून लहान, साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची, पण भरीव आणि काठाला निमुळती. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान झालं. ते आखणारे एड हेड्रिक. साखळ्यांची टोपलीही त्यांनीच तयार केली आणि १९७६ मध्ये खेळाडूंची संघटनाही उभी केली. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. एखाद्या माणसाचं खेळावर इतकं प्रेम असू शकतं, हे वाचून मी खरोखर हलून गेले होते.

आम्ही राहतो तो डेट्रॉईटच्या पश्चिमेचा पट्टा या खेळाच्या दृष्टीने नशीबवान. डिस्कक्राफ्ट ही डिस्क बनवणारी मोठी कंपनी इथलीच, विक्सम गावची. केन्सिंग्टन मेट्रोपार्कात मोठ्या स्पर्धा होतात. मला स्वतःला हडसन मिल्स जास्त आवडतं. ह्युरॉन नदीच्या काठचं, दाट झाडीचं. तिथे डिस्क हरवायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात कमरेइतक्या गवतात, पानगळीत पिवळ्या पाचोळ्यात आणि हिवाळ्यात बर्फाखाली. बर्फात खेळणारे डिस्कला लांब रिबीन चिकटवतात, म्हणजे शेपूट तरी वर दिसावं. नदीत गेली तर बहुधा गेलीच, कारण बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात.

म्हणून हे नाव आणि नंबर. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात, तसंच. सापडलेल्या डिस्कवर नंबर असेल तर मालकाला मेसेज करायचा, हा इथला रिवाज आहे आणि लोक तो मनापासून पाळतात. स्पर्धेत तर प्रत्येक डिस्कवर आपली वेगळी ओळखखूण असावीच लागते.

व्हिडिओ कॉलवर आईने मला कापसाने डिस्क पुसताना पाहिलं आणि लगेच म्हणाली, "अगं, नंबर आहे ना त्याच्यावर? मग पुसतेस कशाला, ज्याची त्याला दे की!" आईचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ती डिस्क मला नदीकाठच्या लव्हाळ्यात सापडली होती. पिवळी, अर्धपारदर्शक, हातात घेताच आवडावी अशी. मालकाला मी त्याच संध्याकाळी मेसेज केला होता. तो आता टेक्सासला राहायला गेला होता. "तुम्हीच ठेवा, खेळा तिच्याशी," असं त्याने उलट कळवलं. त्यानंतरच मी अल्कोहोलची बाटली उघडली. माझ्या मते शाई काढण्याची पहिली पायरी फोन हीच आहे. नंबर बंद असेल, मालकाने सोडून दिली असेल, दुकानातून रीतसर विकत घेतली असेल किंवा स्वतःचीच डिस्क कुणाला द्यायची असेल, तर पुढचं सगळं.

मार्करच्या शाईत मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग, त्याला धरून ठेवणारी राळ, आणि दोघांना पातळ ठेवणारं अल्कोहोलसारखं द्रावक. लिहिलं की द्रावक उडून जातं आणि राळ रंगाला पृष्ठभागावर चिकटवून बसते. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबण-पाण्याने काही होत नाही. तिला पुन्हा द्रावक दिलं की ती सुटते. पण ते द्रावक परत उडायच्या आत शाई उचलून घ्यावी लागते. नाहीतर तीच शाई दोन इंच पलीकडे पसरून पुन्हा बसते. सगळी मेख इथे आहे. घासण्याचा जोर दुय्यम.

इथे औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के आणि ९१ टक्के असं सहज मिळतं. डिस्कसाठी ९१ घ्यावं. ७० मध्ये पाणी जास्त, त्यामुळे राळ सुटायला वेळ लागतो. कापसाचा बोळा चांगला भिजवून नावावर ठेवायचा, मिनिटभर दाबून धरायचा आणि मग बाहेरच्या कडेकडून मध्याकडे पुसत आणायचं. त्या पिवळ्या डिस्कवर काळ्या अक्षरांच्या कडेला आधी जांभळट धार सुटली, मग अक्षराचं पोट फिकं झालं, आणि बोळ्यावर निळा-जांभळा-करडा डाग उमटला. बोळा मळला की लगेच नवा. हात आखडता घेऊन एकच बोळा फिरवत राहिलं तर डिस्कभर करडी छटा येते. घरात दुसरं काही नसेल तर हँड सॅनिटायझर लावून बघा. त्याच्या जेलमुळे अल्कोहोल चटकन उडत नाही, नावावर टिकून राहतं, म्हणून हळू का होईना काम होतं. व्हाइटबोर्ड मार्करने जुन्या अक्षरांवर गिरवून ओलं असतानाच पुसायची युक्तीही याच तत्त्वावर चालते. पण ती गुळगुळीत, चकचकीत डिस्कवरच.

ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमधला तो झणझणीत वासाचा द्रव, या सगळ्यांत जोरकस. इथे खूप जण थेट त्याच्याकडेच वळतात. मी तो शेवटी काढते, आणि कारण प्लॅस्टिक आहे. गणपतीच्या मखराचा थर्माकोल ज्यांनी हाताळलाय त्यांनी त्याच्या तुकड्यावर ॲसिटोनचे थेंब पडलेले कधी पाहिले तर लक्षात येईल. बघता बघता तुकडा बसून चिकट गोळा होतो. डिस्क थर्माकोलच्या नसतात, पण सगळ्या एका जातीच्याही नसतात. महागड्या प्रकारांत, म्हणजे डिस्कक्राफ्टच्या झी किंवा इनोव्हा या दुसऱ्या कंपनीच्या चॅम्पियनमध्ये, प्लॅस्टिक चिवट आणि घट्ट असतं. शाई बरीचशी वरच राहते आणि ॲसिटोनच्या दोन-चार हातांत निघते. त्यांच्याच स्वस्त प्रकारांत, प्रो-डी किंवा डीएक्समध्ये, प्लॅस्टिक मऊ, ओरखडे पटकन धरणारं. तिथे शाई आत मुरते. वर ॲसिटोन ओतला तर पृष्ठभाग निस्तेज होतो, कधी बोटाला चिकट लागतो, आणि नावाची सावली मात्र उरतेच. अशा डिस्कवर मी अल्कोहोलने निघेल तेवढं काढते आणि थांबते. जुन्या मालकाच्या नावाची फिकी सावली राहिली म्हणून डिस्कचं उडणं बिघडत नाही.

दुसरी गोष्ट वरच्या चित्राची. कंपनीचं नाव आणि चित्र बहुधा चकाकत्या पातळ वर्खाचं असतं, गरम ठशाने दाबून बसवलेलं. ॲसिटोनला तो वर्ख पुसायला वेळ लागत नाही. काही जण मुद्दाम तसं करतात, चित्र काढून टाकतात आणि कोऱ्या डिस्कवर स्वतःच्या आवडीचे रंग चढवतात. इथे ती एक सुंदर कलाच झाली आहे. पण आपल्याला फक्त नाव काढायचं असेल आणि ते वरच्या बाजूला चित्राला लागून लिहिलेलं असेल, तर कापसाऐवजी कान साफ करायची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून अक्षर-अक्षर पुसा. वेळ लागतो, पण चित्र वाचतं. रंगवलेल्या डिस्कवर तर आधी काठाच्या आत, न दिसणाऱ्या जागी थेंब लावून पाहावा.

पांढऱ्या जादुई स्पंजने, म्हणजे मेलामाइनच्या त्या फोमने, शाई थोडी निघते. मात्र तो बारीक पॉलिश-कागदासारखा घासून काढतो, त्यामुळे चकाकी जाते. मी तो वापरत नाही.

हे सगळं उन्हाळ्यात बाहेर अंगणात करावं. अल्कोहोल आणि ॲसिटोन दोन्ही पटकन पेट घेतात, त्यामुळे स्वयंपाकघरात गॅसजवळ नकोच. हिवाळ्यात उणे दहात गॅरेजचं दार उघडं ठेवायचं जिवावर येतं म्हणून लोक बंद गॅरेजमध्ये हीटर लावून बसतात. ते मुळीच करू नये. एप्रिलपर्यंत डिस्क थांबू शकते. आपल्या नेहमीच्या निळ्या नायट्राइल हातमोज्यांवर ॲसिटोनच्या बाबतीत फार विसंबू नका, तो त्यांतून लवकर पार होतो. काम थोडं-थोडं करा आणि नंतर हात धुवा. वापरलेले बोळे बाहेर पूर्ण वाळू द्यावेत, मगच कचऱ्यात.

शेवटी डिस्क साबणाच्या पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि पोटाच्या बाजूला आपलं नाव आणि नंबर घालायचा. थंड किंवा दमट डिस्कवर मार्कर नीट उठत नाही, म्हणून ती थोडा वेळ घरात ठेवून मग लिहा. काठाच्या आतल्या बाजूला, जिथे बोटं रुततात, तिथे लिहू नका. घामाने आणि घर्षणाने आकडे महिन्याभरात अर्धे होतात, आणि सात की एक हे सापडणाऱ्याला कळत नाही. मध्यभागी, ठसठशीत, आकड्यांत अंतर सोडून लिहा. कुणाला डिस्क भेट देत असाल तर स्वतःचा नंबर पुसून द्या, आणि त्याच्या हातात मार्करही द्या.