जडत्व म्हणजे इनर्शिया

फेब्रुवारी लागला की आमच्या युवक मंडळात फोनाफोनी सुरू होते. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. त्याच्या आसपासची, कामावर जाणाऱ्यांना जमेल अशी तारीख धरून बेळगाव भागातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत आम्ही विज्ञान मेळावा भरवतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना रोप हे सगळं यथासांग होतं.

निवेदन माझ्याकडे असतं. त्यात मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगतो. १९३३ साली बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, तो खुद्द तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवली. रामन यांच्याच दिवशी हे सांगावं का, यावर मंडळात एकदा वाद झाला होता. मी सांगतोच. पोरी कान देऊन ऐकतात. पण केंब्रिज लांब, आणि खालच्या गल्लीतली ताई जवळ.

त्या ताईचं बोलणं सुरू झालं की मला दरवर्षी भरून येतं. याच शाळेत शिकली, एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. आमच्या भागातली कितीतरी हुशार पोरं इथंच अडतात. गणित येतं, पण प्रश्नच कळत नाही, मग घरचे म्हणतात, आर्ट्सला जा. ताई स्टेजवर जुनी वही उघडून दाखवते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे जडत्व, उजवीकडे इनर्शिया. डावीकडे संवेग, उजवीकडे मोमेंटम. "मला विज्ञान येत होतं रे, फक्त त्याची नावं नवीन होती," एवढं ती म्हणते आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. आज ती इंजिनिअर आहे. वहीच्या झेरॉक्स काढून आम्ही वाटतो.

दुसरे आमचे दादा. आयटीआय, मग डिप्लोमा, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, आहेत. पिशवीतून मधोमध कापलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, काढतात, आत वाटाण्याएवढी पोकळी. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की वितळलेल्या लोखंडाच्या धगीनं तिची वाफ होते, वाट मिळाली नाही की आत अडकते, हे ते त्या पोकळीत पोरांना बोट घालायला लावून सांगतात. मग मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं साधन. गेल्या वर्षी सहावीतल्या एका पोरानं स्वतःचा केस उपटून त्यात धरला. त्याची फिरवायची मूठ, रॅचेट, कटकटली, दादांनी रेघा मोजायला शिकवल्या: ०.०७ मिलिमीटर. पोरगं धावत जाऊन आजीचा केस घेऊन आलं. तो ०.०५ भरला. आजीचा बारीक का, हा त्याचा प्रश्न अजून उभा आहे.

एक सल बोलून टाकतो. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांना आपली माणसं गर्दी करतात, कुस्तीच्या मैदानात तर पाय ठेवायला जागा नसते. इथं मात्र पालकांच्या ५० खुर्च्यांतल्या निम्म्या रिकाम्या राहतात. पोरं येतात, बापानं यायला काय हरकत आहे?

आता आभार, कुणी राहायला नको. पहाटे चारला उठून उप्पीट-शिरा करणाऱ्या भजनी मंडळाच्या मावश्या, पैसे न घेता माईक लावणारे मामा, लाईट गेल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा लावून देणारे काका, चावी घेऊन सुट्टीच्या दिवशी येणारे शिपाईमामा, फलकावर रंगीत खडूनं चांद्रयान काढणाऱ्या बाई, सतरंज्या देणारं देऊळ, शेजारच्या कन्नड शाळेतून पोरं घेऊन येणारे सर. आणि संध्याकाळी एकट्यानं सगळ्या खुर्च्या टेम्पोत भरणारा धाकटा. गेल्या वर्षी आभाराच्या यादीत त्याचं नाव राहिलं होतं, तो तेव्हा मैदानात झाडू मारत होता.