चार टॉवेल, दीड इंच

अमेरिकेतल्या नॅशव्हिल या संगीताच्या शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना वादकांची दुखणी रोजचीच. फिडलवाल्याची मान, ड्रमरचं मनगट. पण ते सत्तरीचे गृहस्थ आले तेव्हा पेडल स्टील गिटार हे टेबलासारखं पायांवर उभं राहणारं, आडव्या तारांचं वाद्य मी फक्त दुरून पाहिलेलं होतं. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये सलग चार-चार तास बसून वाजवायचे. कंबर धरली होती. मी तपासलं, व्यायाम दिले, आणि पायातल्या काउबॉय बुटांच्या उंच टाचा बघून ठणकावून सांगितलं, "हे बूट आता बंद. सपाट वापरा."

त्यांनी ऐकलं. तीन आठवड्यांनी आले तेव्हा कंबर जरा हलकी होती, पण डाव्या जांघेत नवीनच कळ. जिना चढवत नव्हता. हे दुखणं माझ्या उपचारानंतर सुरू झालं होतं आणि कारण मला सापडत नव्हतं. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना बघितलेलं डोक्यात पक्कं आहे: सतार घ्यायला आलेला माणूस मांडी घालून, वाद्य घेऊन बसतो, आणि कारागीर वाद्याइतकंच त्या माणसाकडे बघत असतो. मी तीन आठवडे फक्त माणूस बघत होते. सकाळी उठून फोन केला, "उद्या वाद्य घेऊन या. स्टूलसुद्धा. आणि ते बूटही आणा."

वाद्य उभं करायलाच दहा मिनिटं गेली. चार पाय स्क्रूने आवळले. पुढच्या दोन पायांच्या मधे पेडलांची पट्टी, आणि प्रत्येक पेडलापासून वर वाद्याच्या पोटात गेलेली बारीक सळी. खालच्या बाजूला गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. त्यातला एक, 'उभा दांडा', डाव्या गुडघ्याने वर उचलायचा. डावं पाऊल पेडलांवर, उजवं व्हॉल्यूमच्या पेडलवर, डाव्या हातात तारांवर सरकवायचा स्टीलचा जड बार, उजव्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. म्हणजे शरीराचा सगळा भार बैठकीवर. पाय टेकायला मोकळे नाहीतच.

त्यांनी वाजवायला घेतलं आणि मी जमिनीवर बसून त्यांचा डावा गुडघा बघत राहिले. उभा दांडा उचलायची वेळ आली की टाच जमिनीवरून चांगली वर यायची, मांडी ताणली जायची, चेहरा आक्रसायचा. गुडघा आणि दांडा यांत दोन इंचांचं अंतर होतं. बूट घालायला सांगितले. अंतर अर्धा इंच! टाच नुसती हलली तरी दांडा उचलला जात होता. बुटाची टाच त्या वाद्याचाच एक भाग होती आणि ती मी काढून घेतली होती. मी त्यांची माफी मागितली.

मी विचारलं, वाद्यच खाली घेतलं तर? ते समजावत म्हणाले, पाय कापले तर सळ्याही कापाव्या लागतील. बरं, उलट चारही पायांखाली ठोकळे देऊन वाद्य उंच केलं तर पेडलंही सोबत वर जातात. पेडल आणि दांडा यांतलं अंतर जसं होतं तसंच.

मग कंबरेचं काय? आता स्टूल बघितला. गादीचा फोम वर्षानुवर्षं बसून पार चपटा झालेला. खुबे गुडघ्यांपेक्षा खाली, त्यामुळे पाठीला पोक, आणि तारांपर्यंत पोचायला दोन्ही खांदे उचललेले. सपाट बुटांनी गुडघे खाली आले म्हणून कंबरेला थोडा आराम पडला होता. दुखण्याचं मूळ तसंच होतं.

क्लिनिकमधले टॉवेल घट्ट घड्या करून स्टूलवर ठेवायला लागले. एक, दोन, तीन. चौथ्याला पाठ आपोआप सरळ झाली, कोपर तारांच्या पातळीला आले, खांदे खाली पडले. पाचवा ठेवला तर उजवी टाच व्हॉल्यूम पेडलवरून सुटायला लागली आणि ते पुढे वाकले. पाचवा काढला. टेपने मोजलं: दीड इंच.

"आता वाजवा," म्हटलं.

पहिलं पेडल दाबलं की दोन तारा अख्ख्या एका स्वराने चढतात, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. सतारीवर बोटाने तार ओढून मींड घेतात, इथे ती पावलाने ओढली जाते, तीही झंकारणाऱ्या बाकी सुरांच्या मधोमध. उभा दांडा त्यांनी तीनदा वापरला. मी कान तिकडे देऊन नजर चेहऱ्यावर ठेवली होती. एकदाही आक्रसला नाही. बाहेर बसलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले होते.

आवरताना ते म्हणाले, "आज रात्री वाजवायचंय. टॉवेल नेऊ का?"

पुढच्या आठवड्यात धुऊन, घड्या घालून परत आणले. स्टूलच्या गादीखाली त्यांनी दीड इंचाचं प्लायवूड बसवून घेतलं होतं.