हू, विच आणि माझा चिकटलेला 'ती'

खरं सांगू का, इंग्रजीतले रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे हू-विचने नामाला जोडलेली उपवाक्यं, आपल्याला येतात असंच मी कित्येक वर्षं धरून चालले होते. माणसाला हू, वस्तूला विच, झालं की! मग एकदा माझा रिपोर्ट तपासून परत आला आणि बघते तर एकाच चुकीला जागोजागी लाल रेघा. एक वाक्य अजून आठवतं, "द फाइल विच यू सेंट इट इज नॉट ओपनिंग". रेघ त्या 'इट'खाली. मला तर त्यात काही चुकलंय हेच दिसेना.

नंतर तेच वाक्य सहज मराठीत म्हणून बघितलं, "जी फाइल तुम्ही पाठवली ती उघडत नाहीये", आणि ट्यूब पेटली. आपल्याकडे जी आली की मागोमाग ती येणारच, ती नसली तर वाक्य लंगडं वाटतं, आणि मी ती 'ती' जशीच्या तशी इंग्रजीत नेऊन बसवत होते. तिकडे 'द फाइल' आधीच कर्ता होऊन बसलीये, पुन्हा इट कशाला?

मग मी प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे करायला लागले. द फाइल इज नॉट ओपनिंग. यू सेंट द फाइल. दुसऱ्यातली फाइल काढायची, त्याजागी विच, ते पुढे आणायचं आणि सगळं पहिल्या 'फाइल'ला चिकटवायचं. विचनंतर यू सारखा दुसरा कर्ता असेल तर विच गाळलं तरी चालतं, "द फाइल यू सेंट", पण "द मॅन हू कॉल्ड" मधलं हू नाही गाळता येत, कारण फोन करणारा तोच हू आहे.

'द चेअर आय सॅट ऑन' मधलं ऑन तर मी हमखास खायचे, कारण 'ज्या खुर्चीवर' म्हणताना आपला 'वर' आधीच लागून गेलेला असतो, शेवटी काही उरलंय असं वाटतच नाही.

स्वल्पविरामाने मात्र रडवलं. "माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं आणखी भाऊ आहेत, त्यातला परदेशातला. मला एकच भाऊ, म्हणजे ब्रदरनंतर एक आणि अब्रॉडनंतर एक, दोन स्वल्पविराम हवेत, आणि तिथे हूच्या जागी दॅट घालायचं नाही.

हूम, म्हणजे हू कर्म असताना त्याचं होणारं रूप, मी अजून टाळते. आणि घाईत मेल लिहिला की तो इट येतोच, फक्त आता पाठवायच्या आधी सापडतो.