बावन्न अक्षरं अलीकडे

तो पेनड्राइव्ह तीन वर्षं घरच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता. "डॉक्टर म्हणाले होते, अहवाल हरवला तरी चालेल, पण हे जपा. म्हणून जपलं," साताऱ्याकडून आलेला तो तिशीतला तरुण म्हणाला. त्याचे वडील चव्वेचाळीसाव्या वर्षी, उसाला पाणी देऊन बांधावर टेकले आणि तिथेच गेले. त्याच्या स्वतःच्या हृदयातला पडदा एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, २१ मिलिमीटर जाड भरला होता. साधारण १५ च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाणं. पाचशे माणसांत एकाला तो असतो, असा अंदाज आहे.

एका लॅबने त्याची एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांतल्या प्रथिन घडवणाऱ्या भागांची तपासणी, केली होती. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता: कारणीभूत बदल आढळला नाही.

"माझं जे व्हायचं ते होईल, मॅडम. बहीण एकोणीस वर्षांची आहे. जिल्ह्याच्या कबड्डी संघात होती. आईने तिचं मैदान बंद केलंय. एको चांगला आहे, पण आई म्हणते, वडिलांचाही कोणी काढला होता?"

आईचं म्हणणं खरं होतं. हा आजार वय वाढल्यावरही दिसू लागतो, त्यामुळे आजच्या स्वच्छ एकोवर उद्याची खात्री देता येत नाही. वडिलांकडून दोष आलेला असण्याची शक्यता प्रत्येक मुलाला निम्मी. पण दोष कुठे आहे तेच माहीत नसेल, तर बहिणीचं रक्त घेऊन तपासायचं काय?

मी पुण्यात जनुकीय माहितीचं विश्लेषण करते. माझ्या टेबलावर रक्ताची नळी नसते, फायली असतात. पेनड्राइव्हवर अहवालाची पीडीएफ नव्हती, मशीनने वाचलेले कच्चे तुकडे होते. डीएनएच्या दीडशे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे. हे तुकडे हाती असले की तपासणी पुन्हा पहिल्यापासून करता येते. अहवाल हा त्या दिवशीच्या ज्ञानाचा असतो, तुकडे मात्र जुने होत नाहीत. रुग्णाने आपला कच्चा डेटा मागावा आणि लॅबने तो कुरकुर न करता द्यावा, असं मला तेव्हापासून फार वाटतं.

सकाळी दहाला मी बीडब्ल्यूए चालवलं. हे साधन हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी २००९ साली जाहीर केलं आणि तेव्हापासून ते जगाला फुकट आहे. तुकडे मानवी जनुकसंचाच्या तीन अब्ज अक्षरांवर आपापल्या जागी बसायला दुपार झाली.

त्या तरुणाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी पत्रात एक प्रश्न विचारला होता: एमवायबीपीसी-३ मधली २५ अक्षरांची गळती पाहिली होती का? हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवतं. त्यातला २५ अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या साधारण चार माणसांत नसतो. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं आणि त्याचा संबंध हृदयाच्या आजाराशी जोडला.

जागा उघडली. गळती होती. निम्म्या तुकड्यांत ती २५ अक्षरं नव्हतीच. मी खुर्चीतून उठून शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, शंभरात चार."

मी पुन्हा बसले. आजार पाचशेत एकाला आणि गळती शंभरात चौघांना. ही गळती एकटीच असं हृदय घडवत असती, तर आपल्या गावोगावी हा आजार घराघरांत दिसला असता. नॉमॅड या खुल्या संग्रहातही दक्षिण आशियाई गटात तिचं प्रमाण तितकंच मोठं. या संग्रहाची पहिली आवृत्ती, एक्सॅक, ६०,७०६ माणसांच्या एक्सोमवर उभी होती. त्यात दक्षिण आशियाई ८,२५६. २०२३ च्या आवृत्तीत एकूण आठ लाखांहून अधिक माणसं आहेत. नाव-गाव कुणाचंच नाही, फक्त अमुक अक्षर किती जणांत बदललेलं आहे एवढा आकडा. त्या हजारो अनोळखी दक्षिण आशियाई माणसांनी मला त्या दुपारी चुकीचा अहवाल लिहिण्यापासून अडवलं. मी 'सापडलं' म्हणून कळवलं असतं आणि बहिणीची तपासणी भलत्याच खुणेवर झाली असती.

मग २०२० चा एक शोधनिबंध आठवला. त्यात याच गळतीचा फेरविचार होता. गळती असलेल्यांपैकी थोड्या लोकांत, त्याच गुणसूत्राच्या प्रतीवर, त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि आजाराचा खरा भार तो उचलतो, असा त्याचा निष्कर्ष. तो बदल एका एक्सॉनच्या, म्हणजे जनुकातल्या प्रथिनाचा मजकूर असलेल्या एका भागाच्या, ५२ अक्षरं अलीकडे आहे. जी या अक्षराच्या जागी ए. एवढ्याने पेशीला प्रथिनाचा मजकूर जोडताना चुकीची सुरुवात दिसते, नको असलेली अक्षरं आत येतात आणि पुढचं सगळं वाचन बिघडतं.

एक्सोम म्हणजे फक्त एक्सॉन, जनुकसंचाचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग. आधीच्या लॅबने एक्सॉनच्या दोन्ही बाजूंना वीस अक्षरांपर्यंतच पाहिलं होतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. पण दीडशे अक्षरांचे तुकडे वीस अक्षरांवर थांबत नाहीत, ते कुंपणापलीकडे सांडतात. म्हणजे पुरावा असलाच, तर तीन वर्षं कपाटात सातबाऱ्याबरोबर पडून होता.

आयजीव्हीत, म्हणजे तुकडे पडद्यावर दाखवणाऱ्या साधनात, ती जागा उघडली. तिथे तुकडे विरळ झाले होते. एकूण चौदा. मी बोट लावून मोजले. आठांत जी, सहांत ए.

क्लिनव्हारमध्ये, म्हणजे जनुकीय बदल आणि आजारांच्या खुल्या नोंदसंग्रहात, तोच बदल शोधला. दुसऱ्या देशांतल्या लॅबनी तो आधीच नोंदवून ठेवलेला होता, रोगकारक म्हणून, कारणांसकट. त्यांना माझा रुग्ण ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला दिसलं ते त्यांनी मांडून ठेवलं, इतकंच. ते त्यांच्या कपाटात राहिलं असतं, तर ती सहा अक्षरं मला दिसूनही कळली नसती.

चौदा तुकड्यांवर अहवाल लिहीत नाहीत. ताजं रक्त मागवून सॅंगर पद्धतीने, म्हणजे नेमकी तीच जागा वेगळी वाचून, खात्री केली. बदल पक्का होता. आईच्या रक्तात गळतीही नव्हती आणि बदलही नव्हता, म्हणजे दोन्ही वडिलांकडून एकत्र आलेलं. आता बहिणीला विचारायला एक नेमका प्रश्न होता: त्या एका जागी कोणतं अक्षर आहे?

दोन्ही प्रतींत जी. गळतीही नाही.

समुपदेशकाने फोन लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. पलीकडे आधी शांतता, मग आईचा आवाज, "म्हणजे हिच्यात नाही?" समुपदेशकाने तीनदा सांगितलं. मैदानाचा शेवटचा निर्णय तिच्या डॉक्टरांचा, हेही सांगितलं.

इंडिजेन प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि बदलांचं प्रमाण सगळ्यांसाठी खुलं ठेवलं गेलं. जीनोमइंडिया या दुसऱ्या प्रकल्पातल्या दहा हजार जणांचा डेटा फरिदाबादला आहे, संशोधकांना अर्ज करून मिळतो. एकेका माणसाचा डेटा कुलपात हवा, यात मला शंका नाही. पण प्रमाणाचे आकडे माझ्यासारख्या प्रत्येक टेबलावर पोचले पाहिजेत, तेही जाती-जमाती आणि प्रदेशांच्या बारकाव्यासकट. आपल्याकडे लग्नं शतकानुशतकं ठरावीक गटांतच होत आली. एका गटात विरळ असलेला बदल शेजारच्या गटात सर्रास असू शकतो.

त्या तरुणाला मी विचारलं, ही नोंद क्लिनव्हारमध्ये टाकू का? नाव-गाव जाणार नाही, फक्त बदल आणि आजार.

"दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल ना? मग टाका," त्याने संमतीपत्रावर सही केली. पेन ठेवताना म्हणाला, "चुलत्यांनाही आणू का? ते ऐकत नाहीत, पण आता सांगायला काहीतरी आहे."

दहा दिवसांनी कुरिअरने खोका आला. आत पाच नळ्या होत्या. चुलते, त्यांची दोन मुलं, एक आत्या आणि आत्याची मुलगी.