१०८ मिनिटं आणि एक अर्धवट काउंट

मी ओंटारियोत एजॅक्सला एका वृद्धांच्या केअर होममधे नर्स आहे, कायम नाइटला. एजॅक्स म्हणजे टोरांटोच्या पूर्वेला लेक ओंटारियोच्या काठावरचं गाव, आणि शेजारचं पिकरिंग, तिथे पाण्याला अगदी चिकटून अणुवीज केंद्र आहे. १९७१ पासूनचं, ८ युनिटांचं, त्यातली ६ तेव्हा, म्हणजे २०२० मधे, चालू होती. आमचं होम तिथून १० किलोमीटरच्या आत. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, म्हणजे बोईसरच की गं. तर मी मूळची बोईसरची, शाळेत असताना अर्ध्या मैत्रिणी टॅप्स कॉलनीतल्या, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या, त्यामुळे अणुभट्टी शेजारी असणं म्हणजे काय विशेष हे मला कधी कळलंच नव्हतं. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या युनिटचं खानदानही मुळात इकडचंच, कॅनडाच्या कँडू भट्ट्यांचं.

१२ जानेवारी २०२०, रविवार. माझी ड्युटी सातला संपते पण आदल्या दिवशी पाऊस झोडपून गेलेला, रस्ते निसरडे, डेवाली नर्स, म्हणजे दिवसपाळीची, उशिरा पोचली. जमैकन बाई आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आल्या आल्या कोट काढायच्या आधी चहा पिणारी. हँडओव्हर झाला, कोण पडलं, कोणाला ताप, कोण रात्रभर दार उघडा म्हणून ओरडत होतं वगैरे, आणि मग आम्ही नार्कोटिक काउंट करायला बसलो. म्हणजे मॉर्फिन वगैरे कुलपातल्या गोळ्या, दर शिफ्टला दोघींनी मिळून मोजायच्या, एकीने पाकीट बघून आकडा म्हणायचा, दुसरीने रजिस्टर बघून हो म्हणायचं आणि दोघींनी सही करायची. यात बोलायचं नसतं. मी हायड्रोमॉर्फोनच्या २७ वर होते.

७ वाजून २३ मिनिटांनी माझा खिसा ओरडला. मग तिचा. मग कॉरिडॉरमधल्या मुलींचे, लॉकररूममधले बंद दाराआडचे, जेवणघरात आजींच्या आयपॅडवर, आणि लाउंजमधला टीव्हीसुद्धा मधेच बातम्या तोडून तोच आवाज काढायला लागला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको, पोटात गोळा येतो. बाहेर अजून धड उजाडलंही नव्हतं.

आधी वाटलं अँबर अलर्ट असेल, म्हणजे कुठलं तरी पोर पळवलंय. २०१८ पासून फोनवर हे अलर्ट यायला लागले आणि रात्री झोपमोड झाली म्हणून लोक चक्क ९११ ला, म्हणजे इमर्जन्सीच्या नंबरला, फोन करून तक्रार करायचे, असले लोक आहेत. पण हा वेगळा होता. पिकरिंग अणुवीज केंद्रात एक घटना घडल्याची नोंद आहे, किरणोत्सर्गाची असामान्य गळती झालेली नाही, केंद्रापासून १० किलोमीटरच्या आतल्यांना हा संदेश लागू आहे, त्यांना सध्या काहीही खबरदारी घ्यायची गरज नाही, बातम्या ऐकत राहा. इंग्रजीत आणि खाली फ्रेंचमधे. 'नाही' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता पण खरं सांगते, कोणीही तिथपर्यंत वाचलं नाही. अणुवीज केंद्र, घटना, एवढं दिसलं की डोळे पुढे सरकतच नाहीत. शिवाय १० किलोमीटरवाल्यांसाठीचा मेसेज गेला होता अख्ख्या प्रांताला, थंडर बेलासुद्धा, जे इथून हजाराहून जास्त किलोमीटरवर आहे.

आणि आठवडा कसला होता तो आठवा. बुधवारी तेहरानजवळ युक्रेनचं विमान पाडलं गेलं, त्यात कितीतरी कॅनडाचे लोक होते, आदल्याच दिवशी इराणने कबूल केलं की आम्हीच पाडलं. टीव्हीवर तेच चालू. माणसांच्या मनात युद्ध आधीच होतं.

पहिली धावत आली ती आमची फिलिपिनो मुलगी, डायपर बदलायच्या हातमोज्यांसकट. तिचं घर पिकरिंगमधे, तळ्याच्या बाजूला, दोन लहान मुलं घरी, नवरा कामावर, मुलांजवळ शेजारची म्हातारी. ती म्हणाली मी जाते. कोट तिच्या हातात होता. मी तिला सांगितलं, मेसेज परत वाच, काही करायचं नाही असं लिहिलंय, तू आत्ता रस्त्यावर गेलीस तर उलट बाहेर पडशील, मुलं घरात आहेत ना मग खिडक्या बंद करायला सांग. अगदी शांतपणे सांगितलं. आणि ती फोन लावायला वळली तेव्हा मी औषधांच्या खोलीत जाऊन नवऱ्याला व्हॉट्सॅप केला, उठ, गाडीत पेट्रोल भरून आण, पासपोर्ट काढून ठेव. हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

ती थांबली. रडत रडत तिने नाश्त्याचे बत्तीस ट्रे लावले.

मॅनेजरला फोन लावला, व्हॉइसमेल. दुसऱ्या मॅनेजरला, व्हॉइसमेल. मग ते लाल फाइल प्रकरण काढलं ज्यात सगळे कोड असतात, आग लागली तर रेड, माणूस हरवला तर यलो, आणि बाहेरची हवा आत घ्यायची नसेल तर कोड ग्रे, बटन डाऊन. त्यात एअर हँडलिंग बंद करा लिहिलंय. स्विच कुठे ते लिहिलंय, 'मेंटेनन्सला विचारा'. रविवारी मेंटेनन्स नसतो. आणि मुळात कोड लावायचा की नाही? मेसेज म्हणतो काही करू नका. पण काही करायचंच नाही तर मग उठवलंत कशाला बाबांनो? करा म्हणून सांगितलेलं माणूस करतो, पण घाबरवून गप्प बसा म्हणलं की हात शिवशिवतात. शेवटी आम्ही कोड लावला नाही, नुसत्या खिडक्या बंद केल्या, तशाही जानेवारीत कोण उघड्या ठेवतंय.

एक मात्र भांडण झालं. आमच्या एक आजी साडेसातची सिगरेट ओढायला बाहेर अंगणात जातात, कुठलंही हवामान असो. मी म्हणलं आज नाही. त्या म्हणाल्या का. मी म्हणलं अणुवीज केंद्रात काहीतरी झालंय. आजी म्हणाल्या, पोरी मी एकोणनव्वद वर्षांची आहे, साठ वर्षं ओढतेय, ती भट्टी माझं आता काय वाकडं करणार आहे? याला उत्तर नव्हतं. तरी सोडलं नाही, म्हणून त्या पुढे दोन दिवस माझ्या हातून औषध घेत नव्हत्या.

मग गोळ्यांचं निघालं. १० किलोमीटरच्या आत सगळ्या घरांना, ऑफिसांना पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या आधीच वाटून ठेवलेल्या असतात, तो नियम २०१५ पासूनचा. आमच्याकडेही आहेत, कपाटात सगळ्यात वर, ग्लोव्हजच्या खोक्यांमागे. दोन मुली येऊन म्हणाल्या, दे ना, आम्ही घेऊन टाकतो. त्यांना समजावत बसले, की ही काही किरणोत्सर्गावरची जादूची गोळी नाही, भट्टीतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर आलं तर ते गळ्यातल्या थायरॉइडमधे जाऊन बसू नये म्हणून आधीच साधं आयोडीन भरून ठेवायचं, एवढंच तिचं काम, आणि आरोग्य अधिकारी घ्या म्हणतील तेव्हाच घ्यायची. खरा उपयोग लहान मुलांना, गरोदर बायकांना. चाळिशीनंतर फायदा कमी कमी होत जातो आणि ऐंशी-नव्वदीच्या माणसांत त्रासच व्हायची शक्यता जास्त. म्हणजे आमच्या होममधे गोळ्या शेकड्यांनी आणि ज्यांना खरंच लागल्या असत्या ते त्या फिलिपिनो मुलीच्या घरी. तिच्या घरीही पाकीट आलेलं होतं, कुठल्या ड्रॉवरमधे ते मात्र शेजारच्या म्हातारीला सापडेना.

खोली २१४ मधले आजोबा तेवढे खूष होते. तरुणपणी इलेक्ट्रिशियन म्हणून पिकरिंगच्या बांधकामावर होते. कालचं आठवत नाही पण ते सगळं आठवतं. मी मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले, कुठलं युनिट? म्हणलं लिहिलं नाही. किती वाजता झालं? लिहिलं नाही. मग म्हणाले सायरन वाजला का? सायरन केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आत असतात, आम्हाला ऐकू आला नसता. पण त्यावरून डेवालीला आठवलं. खरं काही असेल तर १० किलोमीटरच्या आतल्या लँडलाइनवर आपोआप फोन येतात, तशी सोय आहे. डेस्कवरचा लँडलाइन तेवीस मिनिटांपासून गप्प होता. ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा बघ, हा घाबरलेला नाहीये. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की तो बिघडलेला असला तर? मी रिसीव्हर उचलून टोन ऐकला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळचे सव्वासहा वाजून गेलेले, कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं कॅनडात अणुभट्टी फुटली म्हणून. मी म्हणलं काही फुटलेलं नाही, तू कशी आहेस. कारण मला झोपेपायी विसरायलाच झालं होतं की शनिवारी संध्याकाळी बोईसरला कोळवड्याच्या केमिकल फॅक्टरीत स्फोट झाला होता, आठ माणसं गेली. आई सांगत होती खिडक्या हादरल्या, पहिल्यांदा सगळ्यांना भूकंपच वाटला, कारण २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्के चालूच होते, सगळे बाया-माणसं रस्त्यावर, आणि कोणी काही सांगायला नाही, आवाज आला एवढंच. मग वास आला की नाही यावर तासभर चर्चा. ती म्हणाली तुमच्याकडे बरं आहे, निदान फोन तरी वाजतो. मी म्हणलं आई, इथे फोन वाजलाय आणि स्फोटच झालेला नाही बहुतेक. तिला ते काही पटलं नाही.

आठच्या सुमाराला एका मुलीने ट्विटर दाखवलं, वीज कंपनीनेच लिहिलं होतं की अलर्ट चुकून गेला, धोका नाही. आता याच्यावर विश्वास ठेवायचा का? ज्या फोनने घाबरवलं त्याच फोनवर, त्याच कर्कश आवाजात नको का यायला? ट्विटर बघणारे किती, आमच्या लाउंजमधल्या आजी-आजोबांपैकी तर कोणीच नाही. टीव्हीवाले कोणालातरी फोन लावत होते. म्हणजे चूक कळलेली होती, कंपनीला माहीत, ट्विटरवाल्यांना माहीत, पण ज्यांच्या पोटात गोळा होता त्यांना कोणी अधिकृत सांगत नव्हतं. दुसरा अलर्ट आला ९ वाजून ११ मिनिटांनी. पिकरिंगमधे कुठलीही परिस्थिती नाही, आधीचा संदेश चुकून गेला होता. तोही त्याच आवाजात, त्यामुळे पहिले दोन सेकंद सगळे परत उडाले आणि एका आजींच्या हातून ओटमीलचा बाऊल गेला. १०८ मिनिटं. आईने नंतर हिशोब ऐकून म्हणलं, अख्खी जपमाळ झाली असती.

हवाईत त्याच्या जवळपास दोन वर्षं आधी, १३ जानेवारी २०१८ ला, क्षेपणास्त्र येतंय म्हणून खोटा अलर्ट गेला होता, तो मागे घ्यायला त्यांना ३८ मिनिटं लागली होती आणि जगभर हसं झालं होतं. तिथेही शिफ्ट बदलायच्या वेळेची ड्रिल चालू होती. आमच्या इथे फेब्रुवारीच्या शेवटी चौकशीचा अहवाल आला त्यात तेच. जिथून अलर्ट सोडतात तिथे शिफ्ट बदलताना सिस्टिम रोज तपासतात, ड्युटीवरच्या माणसाला वाटलं आपण ट्रेनिंगच्या स्क्रीनवर आहोत आणि तो होता खऱ्या स्क्रीनवर. चूक त्याला लगेच कळली होती. पण पाठवलेला अलर्ट परत कसा घ्यायचा, कोणी घ्यायचा, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. पाठवायची पद्धत पाठ, परत घ्यायची नाही. अलर्टच्या त्या दोन दिवसांत आयोडीनच्या गोळ्या मागवणाऱ्यांचे ३२ हजारांवर अर्ज गेले, एरवी महिन्याला शे-दोनशे जातात. त्यातला एक माझा. आम्ही स्कारबरोला, १० किलोमीटरच्या जरा बाहेर राहतो, म्हणून मागवावं लागतं. पाकीट स्वैपाकघरातल्या ड्रॉवरमधे आहे, बॅटऱ्या आणि मेणबत्त्यांच्या खाली, आणि हो, मी फ्रिजवर कुठे आहे ते लिहून ठेवलंय.

अहवाल आला तेव्हा आमच्या ब्रेकरूममधे सगळे त्या माणसाला शिव्या देत होते, काय हा बावळटपणा, दोन स्क्रीनमधला फरक कळत नाही. मी गप्प होते. कारण त्या सकाळी सव्वानऊला आम्ही दोघी परत काउंटला बसलो, पहिल्यापासून मोजलं, सगळं बरोबर निघालं, हायड्रोमॉर्फोन २७ च होत्या, सह्या केल्या आणि मी घरी जाऊन दुपारी तीनपर्यंत झोपले. साडेतीनला मॅनेजरचा फोन. आता तिला फोन उचलता येत होता. म्हणाली, आजच्या काउंटवर सही नाही. म्हणलं असं कसं, दोघींनी केली. तर आम्ही दोघींनी ११ तारखेच्या पानावर, आधीच सह्या असलेल्या ओळीखाली, परत सह्या केल्या होत्या. आकडे बरोबर, पान चुकीचं.

इन्सिडेंट रिपोर्ट भरावा लागला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, शिफ्ट चेंज.